पेढे वाटायच्या आधी पीडीएफ उघडा: अमेरिकेच्या अपील कोर्टाचा निकाल कसा वाचायचा

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या एच-४ वाल्यांच्या ग्रुपवर (एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाला मिळतो तो व्हिसा) हाच तमाशा होतो. कुणीतरी बातमी टाकतं "अमेरिकन कोर्टाचा मोठा निर्णय", खाली धडाधड मेसेज, निम्म्या जणी पेढे वाटायच्या तयारीत, निम्म्या बॅगा भरायच्या, आणि निकालाची पीडीएफ मात्र एकीनेही उघडलेली नसते. मी वकील नाही, अकाउंट्सची बाई आहे, पण नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली असल्यामुळे गेली काही वर्षं हे निकाल स्वतः वाचायची सवय लावून घेतलीये. आणि खरं सांगते, वाटतं तेवढं अवघड नाहीये. कायदा कमी कळला तरी चालतं, पण हे कोणी म्हटलंय, कुठल्या टप्प्यावर म्हटलंय आणि कुणाला लागू आहे हे तीन प्रश्न सुटले पाहिजेत. जिंकलं कोण हे शेवटी बघायचं.

पहिल्यांदा कोर्ट कुठलं ते बघा. बातमीत नुसतं "कोर्ट" असतं, पण अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि फेडरल कोर्टं वेगळी, दोन्ही शेजारी शेजारी चालतात आणि नावं तर अशी ठेवलीयेत की मुद्दाम गोंधळ घालायचाय की काय. न्यूयॉर्क राज्यात "सुप्रीम कोर्ट" म्हणजे खालचं कोर्ट, जिथे खटला चालतो ते, आणि तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट म्हणजे "कोर्ट ऑफ अपील्स". कॅलिफोर्नियातही राज्याचं स्वतःचं कोर्ट ऑफ अपील आहे, त्याचा फेडरल सर्किटशी काही संबंध नाही. आपण बोलतोय ते फेडरल बाजूचं. तिथे तीन मजले. तळाला ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, जिथे साक्षीदार, पुरावे, ज्युरी सगळं होतं. मधे १३ अपील कोर्टं, ज्यांना सगळे सर्किट म्हणतात. वर सुप्रीम कोर्ट. "फेडरल जजने स्थगिती दिली" अशी बातमी असेल तर बहुतेक वेळा ते तळमजल्यावरचं काम असतं, एकट्या जजचं, आणि मधला मजला ते दोन दिवसांत बाजूला ठेवू शकतो.

हा मधला मजला महत्त्वाचा का, तर सुप्रीम कोर्ट वर्षाला जेमतेम ६०-७० केसेस पूर्ण ऐकून निकाल देतं आणि सर्किट कोर्टांकडे वर्षाला साधारण ४० हजार नवी अपिलं येतात, मग तुम्हीच हिशोब करा. सुप्रीम कोर्टाकडे जाता येतं पण ते ऐकतीलच असं नाही, नऊपैकी चार जजना ऐकावंसं वाटलं तरच केस घेतात. म्हणजे कागदोपत्री कितीही वरची पायरी असली तरी जवळजवळ सगळ्यांसाठी सर्किटचा शब्द हाच शेवटचा.

आता सर्किट कुठलं. ११ नंबरवाली, एक डीसीचं, आणि एक फेडरल सर्किट. नंबरवाल्यांना नकाशा वाटून दिलाय. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, व्हर्माँट सेकंडमध्ये. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर थर्डमध्ये, त्याचं मुख्य ठाणं फिलाडेल्फिया. टेक्सस फिफ्थमध्ये, ठाणं न्यू ऑर्लिन्स. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ॲरिझोना आणि आणखी सहा राज्यं मिळून नाइन्थ, तेवढ्या एकट्याला २९ जजच्या जागा आहेत आणि बॉस्टनच्या फर्स्ट सर्किटला फक्त ६. इतकी असमान वाटणी का, तर ही व्यवस्था १८९१ साली झाली आणि नंतर लोकसंख्या पश्चिमेला आणि दक्षिणेला सरकत गेली, मधून मधून तुकडे पाडले, १९२९ ला एट्थमधून टेन्थ काढलं, १९८१ ला फिफ्थमधून इलेव्हन्थ, पण नाइन्थ फोडायचं दरवेळी नुसतं बोलणंच होतं. फेडरल सर्किट १९८२ चं, ते भागावर नाही तर विषयावर चालतं, देशभरातली पेटंटची अपिलं तिथे. आणि डीसी सर्किट आकाराने लहान, पण सरकारी खात्यांच्या नियमांविरुद्धच्या कितीतरी केसेस तिथेच येतात म्हणून आपल्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. त्याचे चीफ जज २०२० पासून श्री श्रीनिवासन, जन्म चंदीगडचा. (हे सांगितलं की ग्रुपवर लगेच "मग आपलाच माणूस आहे" सुरू होतं. नाही हो, असं नसतं ते.)

सर्किट कुठलं हे कळणं गरजेचं अशासाठी की एका सर्किटचा निकाल फक्त त्याच्या हद्दीतल्या कोर्टांना बांधतो. फिफ्थने टेक्ससमध्ये काही म्हटलं तर न्यू जर्सीतल्या जजला ते वाचून पटलं तर घेईल, नाही पटलं तर बाजूला ठेवेल, कुणी विचारणार नाही. त्यामुळे एकच फेडरल कायदा दोन राज्यांत दोन अर्थांनी चालू शकतो, आणि त्याला म्हणतात सर्किट स्प्लिट. समलिंगी लग्नाचं बघा, २०१४ मध्ये फोर्थ, सेव्हन्थ, नाइन्थ, टेन्थ या सगळ्यांनी राज्यांच्या बंदीविरुद्ध निकाल दिले आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला, मग नोव्हेंबरात सिक्स्थ सर्किटने उलटा निकाल दिला, बंदी चालेल म्हणून. झालं, आता फाटाफूट झाली, सुप्रीम कोर्टाला घ्यावंच लागलं आणि जून २०१५ मध्ये देशभराचा निकाल आला. तेव्हा निकालात "इतर सर्किट्स असं म्हणतात पण आम्ही सहमत नाही" अशा अर्थाचं वाक्य दिसलं की कान टवकारा, ती केस वर जायची शक्यता वाढली. त्यात एक भानगड आहे, सरकारचा नियमच रद्द केला तर परिणाम हद्दीबाहेरही जाऊ शकतो, त्यामुळे आदेश कुणाकुणाला लागू आहे ते वाक्य शोधून वाचायचंच. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रम्प विरुद्ध कासा या केसमध्ये देशभर लागू होणारे मनाईहुकूम द्यायच्या जजेसच्या सवयीला लगाम घातला, तेव्हापासून तर हे जास्तच महत्त्वाचं झालंय.

आता टप्पा. माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. अपील कोर्टातून निघालेला प्रत्येक कागद म्हणजे निकाल नसतो. एक असतो ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टे, म्हणजे "थांबा जरा, आम्हाला कागद वाचू देत", याला काही अर्थ काढायचा नसतो, कोण बरोबर कोण चूक याबद्दल त्यात काहीच नसतं. दुसरा असतो अपील संपेपर्यंतचा स्टे. तो देताना कोर्ट चार गोष्टी बघतं: अपील करणारा जिंकेलसं दिसतंय का, स्टे नाही दिला तर त्याचं भरून न येणारं नुकसान होईल का, दिला तर समोरच्याचं काय, आणि जनतेचं हित कशात आहे. २००९ च्या नकेन विरुद्ध होल्डर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे नीट सांगितलंय, आणि ती केस देशाबाहेर काढायच्या हुकमाचीच होती. यात कोर्टाचा कल कळतो पण अंतिम काही ठरत नाही, तेच कोर्ट सहा महिन्यांनी उलटा निकाल देऊ शकतं. तिसरं म्हणजे खालच्या कोर्टाने केस चालू असताना दिलेल्या तात्पुरत्या मनाईहुकमावरचं अपील. आणि चौथं खरं अपील, खालची केस पूर्ण संपल्यावरचं. पेढ्यांचा विचार करायचाच असेल तर या चौथ्यावर करा.

बरं, आता पीडीएफ. मिळते कुठे, तर प्रत्येक सर्किटची वेबसाइट आहे, तिथे निकाल त्याच दिवशी फुकट टाकतात. केसचे बाकीचे कागद हवे असतील तर पेसर नावाची सरकारी सिस्टीम आहे, पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलर किंवा कमी झाले तर बिलच लावत नाहीत. त्यामुळे घाबरू नका, घरबसल्या बघता येतं.

पहिलं पान घाईत सोडू नका. केस नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे अपील दाखल झालं ते वर्ष. तोंडी सुनावणी कधी झाली आणि निकाल कधी लागला या तारखा असतात. कुठल्या डिस्ट्रिक्ट कोर्टातून आलं ते असतं. निकाल छापील पुस्तकात जाणारा आहे की "अनपब्लिश्ड" तेही असतं, आणि अनपब्लिश्ड असेल तर तो त्या दोन पार्ट्यांपुरता, पुढच्या केसेसना तो सहसा बांधत नाही, २००७ पासूनचे अनपब्लिश्ड निकाल वकील दाखवू शकतात एवढंच. मग तीन जजांची नावं. हो, तीनच. सर्किटमध्ये २९ जज असले तरी तुमची केस ऐकतात तिघंच, दोघं एका बाजूला झाले की निकाल. बातम्यांमध्ये लगेच कुठला जज कुठल्या प्रेसिडेंटने नेमला ते येतं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, वादग्रस्त केसमध्ये फरक पडतो, पण कंटाळवाण्या केसेसमध्ये, आणि बहुतेक केसेस कंटाळवाण्याच असतात, तिघंही एकमताने जातात. नेमणूक तहहयात असते त्यामुळे नेमणाऱ्याला खूश ठेवायची गरजही नसते.

पहिलं पान झालं की सरळ निकालाच्या शेवटी जा, कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचल्यासारखं, इथे ते पाप नाही. शेवटच्या ओळीत एक-दोन शब्द असतात. "अफर्म्ड" म्हणजे खालचा निकाल कायम. "रिव्हर्स्ड" म्हणजे फिरवला. "व्हेकेटेड" म्हणजे पुसून टाकला, पण पुसला म्हणजे उलटा लागला असं नाही, पाटी कोरी झाली एवढंच. "रिमांडेड" म्हणजे परत खाली पाठवला, आता तिथे पुढचं होईल. "व्हेकेटेड अँड रिमांडेड" वाचून लोक "आपण जिंकलो" म्हणून नाचतात आणि दीड वर्षाने खालचं कोर्ट नीट कारणं लिहून तोच निकाल परत देतं, असंही होतं.

यानंतर एक छोटासा भाग शोधा, बहुतेक निकालांत दोन-चार ओळींचाच असतो, "स्टँडर्ड ऑफ रिव्ह्यू" नावाचा. लोक हा टाकून देतात आणि मला विचाराल तर अर्धा निकाल इथेच लागलेला असतो. अपील कोर्ट म्हणजे खटला परत पहिल्यापासून नाही. तिथे साक्षीदार येत नाहीत, नवा पुरावा चालत नाही, खाली जो मुद्दा काढलाच नाही तो वर काढला तर बहुतेक वेळा "आता उशीर झाला" म्हणतात. समजा एका बाईला नोकरीवरून काढलं, ती म्हणते मी गरोदर राहिले म्हणून काढलं, मॅनेजर म्हणतो काम वाईट होतं म्हणून, आणि जजने दोघांना समोर बसवून ऐकलं आणि बाईवर विश्वास ठेवला. आता कंपनी अपिलात गेली की मॅनेजरच खरा होता, तर अपील कोर्ट बघणार "क्लिअर एरर" झाली का, म्हणजे उघड उघड चूक. आम्ही असतो तर मॅनेजरवर विश्वास ठेवला असता, एवढ्याने भागत नाही, कारण साक्ष देताना कुणाचा चेहरा कसा झाला ते खालच्या जजने पाहिलंय, यांनी नाही. पण प्रश्न असा असेल की हा कायदा मुळात या कंपनीला लागू होतो का, तर तो कायद्याच्या अर्थाचा प्रश्न, तिथे "डी नोव्हो", म्हणजे खालच्या जजचं मत शून्य धरून हे स्वतः कोऱ्या पाटीवर ठरवतात. आणि तिसरं, खालच्या जजने एखाद्या बाजूला तारीख वाढवून दिली नाही, उशिरा आलेला साक्षीदार घेतला नाही, असल्या गोष्टींना "अब्यूज ऑफ डिस्क्रेशन", म्हणजे जजला जी मोकळीक असते तिचा अगदीच गैरवापर झाला असेल तरच हात घालणार. डी नोव्हो दिसलं तर अपील करणाऱ्याला खरी संधी आहे, बाकीच्या दोन्हीत चढ मोठा आहे.

मग मधलं वाचा, पण बोलतंय कोण ते बघत बघत. बहुमताचा निकाल एक, कधी तिसरा जज "कन्करिंग" लिहितो म्हणजे उत्तर मान्य पण कारण वेगळं, आणि कधी "डिसेंटिंग" म्हणजे असहमत. डिसेंट लिहिणाऱ्याला काही जमवून घ्यायचं नसतं त्यामुळे त्याची भाषा जास्त झणझणीत असते, आणि बातमीत आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच वाक्यं येतात. "कोर्टाने म्हटलं" म्हणून आलेलं खमंग वाक्य हरलेल्या जजचं निघालंय असं माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की आता मी आधी पान नंबर बघते.

आता हे सगळं एका खऱ्या केसवर लावून बघू. एच-४ ईएडीचा, म्हणजे काही एच-४ वाल्यांना नोकरी करू देणाऱ्या परवान्याचा, नियम २०१५ चा. त्याविरुद्ध त्याच वर्षी सेव्ह जॉब्ज यूएसए नावाच्या संघटनेने केस टाकली, कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीत आयटीत काम करणारे लोक, ज्यांचं म्हणणं की आमच्या जागी एच-१बी वाले आणले. केस वॉशिंग्टन डीसीत, म्हणजे अपील डीसी सर्किटमध्ये. २०१६ ला डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणालं, तुम्हाला केस करायचा हक्कच नाही, कारण या नियमाने तुमचं नुकसान होतं हे दिसत नाही. २०१९ ला डीसी सर्किटने ते फिरवलं. तेव्हाचा गोंधळ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, ईएडी गेलंच म्हणून लोक रडायच्या बेतात होते. पण निकाल उघडला तर त्यात एवढंच होतं की यांना केस करायचा हक्क आहे, नियम बरोबर की चूक ते खाली जाऊन ठरवा. बघा, रिव्हर्स्ड आणि रिमांडेड. मग मार्च २०२३ ला डिस्ट्रिक्ट कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, नियम चालेल म्हणून, आणि ऑगस्ट २०२४ ला डीसी सर्किटने तो कायम ठेवला, अफर्म्ड.

आणि त्या २०२४ च्या निकालातली खरी गंमत कारणात आहे. तोवर त्याच सर्किटच्या दुसऱ्या पॅनलने, म्हणजे तीन जजांच्या दुसऱ्या गटाने, २०२२ मध्ये वॉशटेक नावाच्या केसमध्ये विद्यार्थ्यांच्या ओपीटीचा (शिक्षणाला जोडून तात्पुरती नोकरी करू देण्याचा) नियम वैध ठरवला होता, आणि एका पॅनलने छापील निकाल दिला की त्याच सर्किटच्या पुढच्या पॅनलला तो बांधतो, पटो न पटो. त्यामुळे एच-४ च्या पॅनलसमोरचा मुख्य प्रश्न हाच होता की वॉशटेक लागू होतं की नाही. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लोपर ब्राइट केसमध्ये, सरकारी खात्याने लावलेला कायद्याचा अर्थ कोर्टांनी मानून चालायचं हा ४० वर्षं जुना शेव्हरॉनचा पायंडा मोडला होता, म्हणजे बघा धोका किती जवळ आला होता, तरी पॅनल म्हणालं वॉशटेक अजून उभं आहे आणि आम्ही त्याला बांधलेले आहोत. म्हणजे आपल्या ईएडीचं भवितव्य दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या केसमध्ये अर्धंअधिक ठरून गेलं होतं आणि एच-४ च्या ग्रुपवर तेव्हा त्या केसबद्दल एक मेसेज नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यावर "सुप्रीम कोर्टाने एच-४ ला मान्यता दिली" असे मेसेज फिरले, तेही चूक, ऐकायला नकार म्हणजे मान्यता नाही, डीसी सर्किटचा निकाल जसा होता तसा राहिला इतकंच. आणि नियम सरकारने बनवलाय तर सरकार तो रीतसर बदलूही शकतं, त्याला कोर्टाची गरज नाही.

निकाल लागला की लगेच लागू होतो का, तर सहसा नाही. हरलेली बाजू १४ दिवसांत फेरसुनावणी मागू शकते, सिव्हिल केसमध्ये सरकार पार्टी असेल तर ४५ दिवस. ती मागणी "एन बांक" असू शकते, म्हणजे तिघांऐवजी सर्किटच्या सगळ्या जजांनी मिळून ऐका. नाइन्थमध्ये इतके जण एका बाकावर मावायचे नाहीत म्हणून ११ जणांचं बेंच बसतं, चीफ जज आणि बाकीचे चिठ्ठ्या टाकून. एन बांक क्वचित मिळतं, पण मिळालं की तिघांचा निकाल साधारण बाजूला पडतो. ती मुदत संपली किंवा मागणी फेटाळली की त्यानंतर ७ दिवसांनी "मँडेट" निघतं आणि तेव्हा खालच्या कोर्टाकडे ताबा परत जातो. सुप्रीम कोर्टाकडे अर्ज करायला ९० दिवस. म्हणून केसच्या पानावर मँडेट शब्द दिसेपर्यंत मी ग्रुपवर काही लिहीत नाही.

वेळ असेल तर सुनावणी ऐका, वेबसाइटवर ऑडिओ असतो, नाइन्थ तर यूट्यूबवर लाइव्ह दाखवतं. प्रत्येक बाजूला साधारण १०-१५ मिनिटं, वकिलाने दोन वाक्यं बोलली की जज मधेच प्रश्न टाकतात. पुष्कळ केसेसमध्ये तर सुनावणी होतच नाही, नुसत्या ब्रीफवर, म्हणजे वकिलांच्या लेखी युक्तिवादावर, निकाल. त्या ब्रीफच्या कव्हरचे रंगही नियमाने ठरलेत, अपील करणाऱ्याचं निळं, समोरच्याचं लाल, उत्तराला उत्तर राखाडी, बाहेरून मत देणाऱ्यांचं हिरवं, आणि मुख्य ब्रीफला मर्यादा १३,००० शब्द. मला हे का माहीत आहे मलाच माहीत नाही.

आणि कधी स्वतःवरच वेळ आली तर यातलं काही लक्षात नाही राहिलं तरी तारीख विसरू नका. सिव्हिल केसमध्ये निकालापासून ३० दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते, तीही खालच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात, सरकार पार्टी असेल तर ६० दिवस, फौजदारीत आरोपीला फक्त १४ दिवस. इमिग्रेशन अपील बोर्डाच्या हुकमाविरुद्ध तर डिस्ट्रिक्ट कोर्ट मधे येतच नाही, सरळ सर्किटकडे ३० दिवसांत. बाउल्स विरुद्ध रसेल म्हणून २००७ ची केस आहे. त्या माणसाला अपिलासाठी नियमाने १४ दिवसांची वाढीव मुदत मिळायला हवी होती, डिस्ट्रिक्ट जजने चुकून हुकमात १७ दिवसांची तारीख लिहिली, याने जजच्या तारखेच्या एक दिवस आधी नोटीस दिली पण नियमाचे १४ दिवस उलटून गेले होते. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं, चूक जजची असली तरी अपील ऐकायचा अधिकारच संपला. म्हणून वकील काहीही सांगो, अगदी जजच्या हुकमात छापलेलं असो, मूळ नियमातले दिवस स्वतः कॅलेंडरवर मोजा आणि त्याच्या आठवडाभर आधी नोटीस टाकून मोकळे व्हा.